बेसवाला आणि काळी चारचं गाणं

यंदा श्रावणात माझ्या गादीच्या दुकानात चार कॉलेजची पोरं आली. केस वाढवलेले, काळे टीशर्ट. मला वाटलं, होस्टेलच्या गाद्या भरून घ्यायच्या असतील. तर म्हणाले, काका, आमचा रॉक बँड आहे, प्रॅक्टिसच्या खोलीत आवाज अडवायला जुन्या गाद्या हव्यात. हिंगोलीत रॉक बँड! हातातला कापूस मी खाली ठेवला आणि त्यांना बसायला गादीच दिली. चौकशी केली तर तिघं गिटार वाजवतात, तिघंही लीड, म्हणजे सगळ्यांत पुढची, आणि एक ड्रमवर. गाणी स्वतःची. एक लाईट जाण्यावर आहे, एक सोयाबीनवर. बेस गिटार कोण वाजवतं म्हणून विचारलं तर चौघं खाली बघायला लागले. बेस कोणालाच नको होता. चिठ्ठ्या टाकल्या होत्या म्हणे. ज्याच्या नावाची निघाली तो पाचवा गडी बँड सोडून गेला.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. कारण मी तो पाचवा गडी आहे, फक्त मी सोडून गेलो नाही. हिंगोलीच्या एका ऑर्केस्ट्रात मी सव्वीस वर्षं बेस गिटार वाजवली. ऑर्केस्ट्राचं नाव सांगत नाही, मालक हयात आहेत आणि त्यांना विचारलेलं नाही. लग्न, गणपती, नवरात्र, जत्रा, दुकानाचं उद्घाटन, निवडून आलेल्याचा सत्कार आणि पडलेल्याचा वाढदिवस, सगळीकडे वाजवलं. माझा एकही चांगला फोटो नाही. प्रत्येक फोटोत माझ्यापुढे स्पीकर आहे, नाहीतर निवेदकाचा कोट.

बेस म्हणजे काय, हे आधी सांगतो. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला चार, पण जाड. आवाज खालचा, घुमणारा. लोक गाणं ऐकतात तेव्हा त्यांना गायिका ऐकू येते, बासरी ऐकू येते, ढोलकी तर येतेच. बेस वेगळा ऐकू येत नाही. तो छातीत लागतो. ज्याला नाच येत नाही त्याचाही पाय हलायला लागतो तो बेसमुळे, पण शाबासकी ढोलकीवाल्याला. कार्यक्रम संपल्यावर लोक स्टेजवर यायचे, गायिकेबरोबर फोटो काढायचे आणि मला विचारायचे, "भाऊ, तुमच्या गिटारीला तारा कमी काहून?" एकाने तर सेनगावच्या बाजारातून माझ्यासाठी दोन तारा विकत आणून दिल्या. बिचाऱ्याला माझी कीव आली होती. त्या मी ठेवून दिल्या, अजून आहेत.

माझा कान तयार झाला तो घरी. आम्ही पिंजारी. माझे अब्बा हाताने कापूस पिंजायचे, तेव्हा मशीन नव्हतं. पिंजणीची ती जाड तात, म्हणजे आतड्याची तार, तिच्यावर लाकडी मुठीचा ठोका, आणि सगळ्या खोलीत एकच खालचा सूर घुमायचा. तात सैल झाली की अब्बा बोलता बोलता थांबायचे, कान द्यायचे आणि पीळ मारायचे. सूर हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. "बराबर बोलून नाही राहिली," एवढंच म्हणायचे. मी पुढे बेस हातात घेतली तेव्हा लोकांना नवल वाटलं. मला नाही वाटलं.

माझ्या अभिमानाची एक गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे मग मोठी गोष्ट सांगायला मोकळा. वारंगा फाट्यावर एका ढाब्याचं उद्घाटन होतं. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. त्यात आम्ही आठ जण, पेट्या, स्पीकर, आणि वर ढाब्याच्या मालकाला स्वतःच्या तीन खुर्च्या मांडायच्या होत्या. मालक मोठा दिलदार, पण घाईत. त्याने आमच्याकडे नजर टाकली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, हे भाऊ काही करून नाही राहिले, त्यांना खाली बसवा. मी उतरलो. खाली चहा घेतला. दोन गाणी झाली. तिसऱ्याला मालक स्वतः माझ्याजवळ आला आणि डोकं खाजवत म्हणाला, "तुमी गेल्यापासून गाण्यातली रग गेली. वर चला, मी उभा राहतो." माझ्यासाठी त्याने त्याच्या मेव्हण्याची खुर्ची काढली. त्या दिवशी मी जे वाजवलं ते माझं मला आवडलं.

आता निर्मलाताई.

आमच्या ऑर्केस्ट्राच्या त्या मुख्य गायिका. दिवसा शिवणकाम करायच्या, संध्याकाळी गायच्या. मी त्यांच्या मागे उभा राहायचो, डाव्या खांद्यापासून चार हात अंतरावर. इतकी वर्षं एका माणसाच्या पाठीमागे उभं राहिलं की त्याचा श्वास पाठ होतो. कुठे दम घेणार, कुठे चोरणार, कोणत्या ओळीआधी पदर सावरणार, मला सगळं माहीत. त्या मला युनूसभाई म्हणायच्या. मी त्यांना ताई म्हणायचो, आणि कार्यक्रमात त्यांनी वळून माझ्याकडे कधी बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

मालकांना इथे वसंतराव म्हणतो. आम्ही त्यांना सर म्हणायचो, कारण ते आधी शाळेत संगीत शिकवायचे. की-बोर्ड तेच वाजवायचे. माणूस कडक. त्यांचा एक हट्ट होता, आणि तो आमच्या कापडी बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असायचा: सर्व गाणी मूळ पट्टीत. पट्टी म्हणजे पेटीवरची काळी नाहीतर पांढरी पट्टी. गाणं कुठल्या पट्टीवर उभं आहे त्यावरून ते किती उंच जाणार हे ठरतं. एक-दोन पट्ट्या खाली आणलं की गाणं तेच राहतं, गळ्यावरचं ओझं कमी होतं. बहुतेक ऑर्केस्ट्रे असंच करतात आणि लोकांना कळतही नाही. पण सरांना ते चोरी केल्यासारखं वाटायचं.

की-बोर्डला त्यासाठी एक बटन असतं. बटन दाबलं की बोटं तीच ठेवून सगळा बाजाच वर किंवा खाली सरकतो. एका पुरुष गायकासाठी सर ते बटन वापरायचे, कारण त्याचा गळा आडवातिडवा होता. आणि गाणं संपल्यावर बटन परत शून्यावर आणायला विसरायचे. हा दोष असा आहे की जगात फक्त की-बोर्डवाल्यांनाच जडतो. पुसेगावला एका लग्नात सरांनी बटन तसंच ठेवून मंगलगीत सुरू केलं. मी एका सुरात, सर दुसऱ्या सुरात, आणि निर्मलाताई मध्ये. नवरदेवाच्या घोड्याने मान फिरवली. सरांनी ओळीच्या आत बटन सुधारलं.

त्यानंतर दोन वर्षांनी ताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गळ्यात गाठ होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज हळूहळू येईल. बोलायचा आला. गायचा खालचा आला. वरचा आला नाही. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही, आणि मला सांगायची गरज पडली नाही. वरच्या ओळीआधी त्या आता दोनदा श्वास घेत होत्या.

ताईंचं एक गाणं होतं. नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही वाचायचं सोडून गुणगुणत बसाल. काळी चारचं गाणं. सुरुवातीला चार आवर्तनं एकटी बेस, मग की-बोर्डचा तुकडा, मग आवाज. शेवटच्या कडव्यात एक जागा अशी उंच की तिथे पब्लिक श्वास धरून बसायचं. आमचे कार्यक्रम त्या गाण्यावर ठरायचे. नवरात्रात औंढ्याला आमचा कार्यक्रम होता, आणि तिथल्या मंडळाने ते गाणं आधीच मागून घेतलं होतं.

आठ दिवस आधी सरांच्या घरी तालीम झाली. त्या जागेवर ताईंचा आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. तिसऱ्या वेळी सरांनी की-बोर्डवरचे हात उचलले. त्यांचा राग मोठा नव्हता, पण शब्द वाईट होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "औंढ्याला हे मूळ पट्टीत बसलं तर बसलं. न्हाई तर मला गायला नांदेडची पोरगी बघावी लागंल."

 आमच्यातला लीड गिटारवाला संतोष तार जुळवायला लागला, जी जुळलेलीच होती. ताईंनी गाण्यांची वही मिटली, पिशवीत घातली, येते म्हणाल्या आणि गेल्या.

मी सायकल घेऊन मागे गेलो. त्या चालतच होत्या. मी म्हणालो, ताई, सरांना सांगा ना, गाणं मधली पांढरी धरून दोन पट्ट्या खाली घेऊ. काळी तीन. कोणाच्या बापाला कळणार नाही. त्या थांबल्या.

"लोकांना न्हाई कळायचं. पन मला कळंल ना," त्या म्हणाल्या. "आन् एकदा माझ्यासाठी खाली घेतलं की आपल्या ऑर्केस्ट्रातला प्रत्येक मानूस म्हनंल, बाई संपली. मशीनवर बसले की मी कुनाची तरी बायको हाय, कुनाची तरी आई हाय, युनूसभाई. माईकवरच मी निर्मला हाय. ते खाली घेऊन करू काय?"

मग म्हणाल्या, सरांना बोलायचं नाही. शपथ घातली. मी मान हलवली. बोलायचं नाही हे मी कबूल केलं. वाजवायचं नाही असं काही त्यांनी म्हटलं नव्हतं. पण हे शहाणपण मला तेव्हा सुचलेलं नव्हतं. ते औंढ्याच्या वाटेवर टेम्पोत सुचलं, स्पीकरला पाठ टेकून बसलो असताना.

विचार असा केला. गाणं बेसने सुरू होतं. म्हणजे पट्टी मी ठरवणार. मी काळी तीनवर सुरू केलं तर ताई माझ्यावरूनच सूर घेणार, कारण दुसरं काही वाजत नसेल. संतोष माझ्या बोटांकडे बघतो, तो दोन घरं खाली येईल. राहिले सर. ते काळी चारमध्येच शिरतील आणि घाण वाजेल. मग सरांना काय वाटेल? त्यांना वाटेल, बटन विसरलो. कारण त्याआधीचं गाणं त्या पुरुष गायकाचं होतं, आणि सर विसरतात हे सरांनाही माहीत होतं. ते बटन दाबत दाबत माझ्या सुराला येऊन मिळतील. ताईंचा आवाज लागायच्या आत त्यांनी मिळवलं तर गाणं वाचलं. नाही मिळवलं तर ताई दोन सुरांच्या मध्ये सापडणार आणि त्या दिवशीच संपणार.

हे ताईंना विचारून करायला पाहिजे होतं. दुसऱ्याची अब्रू पणाला लावायचा मला अधिकार नव्हता. हे मी तेव्हाही मनात म्हणालो आणि तरी केलं. आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते आणि केलं याचा आनंदही होतो. दोन्ही खरं आहे.

औंढ्याचं मैदान भरलं होतं. बायका पुढे सतरंजीवर, पुरुष मागे उभे. पुरुष गायकाचं गाणं संपलं, निवेदकाने ताईंचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. ताई माईकजवळ आल्या, पदर सावरला. ड्रमवाल्या किशनने काठ्यांनी चार टोले दिले आणि मी काळी तीनवर बोट ठेवलं.

पहिल्याच आवर्तनाला संतोषने माझ्याकडे मान वळवली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने एकदा ताईंच्या पाठीकडे बघितलं आणि हात गिटारीवर खाली सरकवला. त्या माणसाने पुढे मला त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मागच्या रांगेतली माणसं अशी असतात, म्हणून त्यांच्यावर कोणी लिहीत नाही.

दुसरं आवर्तन, तिसरं, चौथं. सर शिरले. आणि मी ठरवलं होतं तसंच झालं. इतकं बेसूर वाजलं की पुढच्या रांगेतलं एक तान्हं लेकरू रडायला लागलं. मंडळाचा अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकला. अर्धं आवर्तन गेलं. ताईंचा खांदा ताठ झालेला मला दिसला. मी मनात म्हणत होतो, सर, बटन. सर, बटन.

सरांचा डावा हात वर गेला. दोनदा टिक टिक झालं. आणि की-बोर्ड माझ्या सुरावर येऊन बसला, अगदी बराबर.

ताईंनी आवाज लावला. पहिल्या ओळीतच त्यांना कळलं असणार, गाणाऱ्याचा गळा फसत नाही. पण मध्ये थांबता येत नाही, आणि त्या थांबल्याही नाहीत. पहिलं कडवं, दुसरं कडवं. शेवटच्या कडव्यातली ती जागा आली. त्यांनी एकच श्वास घेतला. आवाज वर गेला आणि वर उभा राहिला. मैदानात कोणी हललं नाही. मग शिट्ट्या, टाळ्या, मागच्या पोरांनी टोप्या उडवल्या. ताई त्या गोंधळात मागे वळल्या आणि माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत त्या एवढ्या एकदाच वळल्या.

त्यानंतर सर उठले. त्यांनी माईक हातात घेतला. आमच्या ऑर्केस्ट्रात सर कधी माईकवर बोलायचे नाहीत. म्हणाले, सुरुवातीला जे वाईट वाजलं ती माझी चूक होती, बटन चुकलं. एवढ्या मोठ्या गायिकेच्या गाण्याला माझ्यामुळे डाग लागला. मग ताईंकडे वळून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि सगळ्या औंढ्यासमोर म्हणाले, "निर्मलाताई, चुकलो. माफ करा."

मैदानाने त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून तारा पुसत होतो.

परत येताना टेम्पोत ताई माझ्याशेजारी बसल्या.  मग हळू म्हणाल्या, "युनूसभाई, पुन्यांदा मला इचारल्याबिगर असं करायचं न्हाई." मी हो म्हणालो. टेम्पोने एक वळण घेतलं. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "परवाच्या कार्यक्रमाला बी तिथूनच सुरू करा."

पुढच्या तालमीला सरांनी वहीत त्या गाण्यापुढचं काळी चार खोडलं आणि काळी तीन लिहिलं. म्हणाले, या पट्टीत बेस चांगली घुमते, हीच ठेवू. मी मनात हसलो. नांदेडच्या पोरीचा विषय पुन्हा निघाला नाही. ताई त्यानंतर सहा वर्षं गायल्या, आणि थांबल्या त्या स्वतःच्या मर्जीने, सत्कार करून घेऊन. पुढे डीजे आले आणि आमचा ऑर्केस्ट्रा बंद पडला. मी गादीच्या दुकानात पूर्ण वेळ बसायला लागलो.

एक गोष्ट मात्र सलत राहिली. एका अभिमानी माणसाला मी भर मैदानात नसलेल्या चुकीची माफी मागायला लावली होती. सर अधूनमधून दुकानात येत, आम्ही चहा घेत, आणि दरवेळी माझ्या ओठावर ते येऊन परत जात असे. यंदा दसऱ्याआधी ते जुनी गादी घेऊन आले, कापूस पिंजून परत भरायचा होता. त्यांचं वय झालंय, पाठ धरते. त्यांना स्टुलावर बसवलं आणि मी एकदाचं बोलून टाकलं. सर, औंढ्याला तुमचं बटन चुकलं नव्हतं. मी मुद्दाम दोन पट्ट्या खाली सुरू केलं होतं. तुमच्याकडून फुकट माफी मागवली, मला माफ करा.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की बटन शून्यावर होतं हे त्यांना माहीत होतं. हात ठेवायच्या आधी त्यांनी बघितलं होतं. माझ्या पहिल्याच ठोक्याला त्यांना कळलं होतं, मी कुठून सुरू केलंय आणि कशासाठी.

 सुराच्या बाबतीत कधी तडजोड न केलेला हा माणूस. मी विचारलं, "मग सर, तवाच दोन खाली येऊन शिरायचं ना. तेवढं घाण काहून वाजवलं?"

सरांनी उसवलेल्या गादीतला कापसाचा एक पुंजका उचलला आणि बोटांनी मोकळा करत बसले.

"तालमीत तिला सगळ्यांसमोर बोललो होतो, युनूस. माफी बी सगळ्यांसमोरच मागायची होती. त्याला कायतरी चूक तर करावी लागंल का न्हाई?"